मोडलं तिथून पुढे

जुनी रेसिंगची गाडी दुरुस्तीला आली की पहिला प्रश्न रंगाचा नसतो, इंजिनाचाही नसतो. तो सालाचा असतो. कुठल्या सालची गाडी करायची? वडिलांची जुनी फियाट असेल तर अडचण नाही. कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी करायची, कॅटलॉग उघडायचा, मिळतील ते भाग जमवायचे. पाव मैल सरळ पळण्यासाठी कुणीतरी घराच्या गॅरेजमध्ये जोडलेल्या गाडीला मात्र कारखाना नसतो आणि कॅटलॉगही नसतो. ती दर हंगामात कापलेली असते, लांबवलेली असते, तिचं इंजिन तीनदा बदललेलं असतं. तिचं मूळ रूप विचाराल तर प्रत्येक जण वेगळं सांगेल, आणि प्रत्येकाचं खरं असेल.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, पोमोना आणि ऑन्टारिओच्या पट्ट्यात, एका लहानशा शॉपमध्ये मी असल्या गाड्यांवर काम करतो. मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात लेथवर हात बसला, पुण्याच्या टूलरूममध्ये मायक्रोमीटरची शिस्त लागली, आणि इकडे आल्यावर बरीच वर्षं विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात गेली. तिथे ड्रॉइंगवर सही झाल्याशिवाय ड्रिलला हात लावायचा नाही, असा कायदा. उद्यमनगरात उलटं होतं. शेतकरी पंपाचा तुटलेला शाफ्ट पिशवीतून आणून बाकड्यावर ठेवायचा, आणि तो तुटका तुकडा हेच ड्रॉइंग. मिस्त्री तुकडा उजेडात फिरवून बघायचे, कुठून तुटलाय, कसा तुटलाय, आणि नवा करताना त्या जागी थोडा जाड ठेवायचे. ही पद्धत अडाणीपणाची, असं मी पुण्यात शिकलो. तीच पद्धत एका सबंध खेळाला ताशी दोनशे मैलांपर्यंत घेऊन गेली, हे या शॉपमध्ये आल्यावर कळलं.

ज्या गाडीबद्दल सांगतोय ती आमच्याकडे आली तेव्हा गाडी म्हणण्यासारखी नव्हतीच. फ्रेझ्नोजवळच्या एका द्राक्षमळ्याच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं पडून होती. इंजिन नाही, मागची चाकं नाहीत. नळ्यांचा लांबलचक सांगाडा, मागच्या टोकाला रोल बार, त्याखाली अॅल्युमिनियमची वाकलेली सीट. मालक ऐंशी ओलांडलेले. ही गाडी त्यांनी आणि त्यांच्या थोरल्या भावानं 1957 साली घरच्या गॅरेजात बांधायला घेतली, तेव्हा ते शाळेत होते. चालवायचा भाऊ; हे पाने हातात देणार, टायर पुसणार आणि ट्रकनं धक्का मारणार. भाऊ आता नाही. 1968 मध्ये इंजिन एकाला आणि सांगाडा दुसऱ्याला विकला, आणि म्हातारपणी तोच सांगाडा शोधून, भरपूर पैसे मोजून, परत विकत घेतला. शॉपमध्ये आम्ही त्यांना ‘गाडीवाले’च म्हणू लागलो.

माझं पहिलं काम सांगाडा वाचायचं. रंग एकदम उडवायचा नाही, थरांनी उतरवायचा. निळ्याखाली लाल निघाला, लालखाली नुसतं करडं प्रायमर. नळ्या उघड्या पडल्या तसे सांधे बोलायला लागले. गॅस वेल्डिंगचा सांधा रुंद आणि मऊ लाटांचा असतो, आर्कचा खडबडीत, आणि ज्याला इथले जुने लोक हेलिआर्क म्हणतात त्या टिगचा सांधा बारीक आणि नेटका. या एका फ्रेमवर तिन्ही होते. ड्रायव्हरच्या पायांशी गॅसचे सांधे, सगळ्यात जुने. मधल्या भागात दोन्ही बाजूंच्या नळ्या कापून आत स्लीव्ह घालून जोडल्याच्या खुणा, आणि त्याच्या थोडं पुढे पुन्हा तशाच. म्हणजे गाडी दोनदा लांबवली होती. इंजिन बसवायचे कान एका जागी कापून घासून टाकलेले, आणि तिथून पुढे सरकवून नवे लावलेले. बुजवलेली भोकं तर किती तरी. एकेक खूण मी चॉकनं गोल करून तिला आकडा देत गेलो, आणि गाडीवाले स्टुलावर बसून त्या आकड्यांच्या गोष्टी सांगत गेले.

त्या गोष्टींना मागची कथा माहीत नसेल तर अर्थ लागत नाही, म्हणून थोडं मागे जातो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून इथली पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड, दिवे, छप्पर काढून मोहावेच्या वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर वेग अजमावायला जात. फोर्डनं 1932 मध्ये सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-8 इंजिन बाजारात आणलं होतं, 221 घनइंचांचं, 65 अश्वशक्तीचं. तेच त्यांचं भांडवल. युद्धानंतर हे वेड शहरातल्या रस्त्यांवर उतरलं, पोलीस मागे लागले, आणि 1950 मध्ये सँटा अॅना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे घेऊन रीतसर शर्यती सुरू झाल्या. दुसऱ्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. पार्क्स तेव्हा ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक होते. अंतर पाव मैल, म्हणजे 402 मीटर. वळण नाही, चढ नाही. उभ्या जागेवरून निघायचं आणि शेजारच्याच्या आधी पोचायचं.

एवढा साधा नियम असला की गाडीही सोलून साधी होत जाते. वळायचं नाही, मग सस्पेन्शन कशाला? काढलं. पुढच्या चाकांना ब्रेक कशाला? काढले. राहिल्या सांगाड्याच्या दोन पट्ट्या, इंजिन, मागचा आस आणि माणूस. निघताना मागची चाकं जागेवरच गरगरतात, कारण त्यांच्यावर वजन पुरेसं नाही. म्हणून इंजिन मागे सरकवलं. तरी पुरेना, म्हणून ड्रायव्हरलाच मागच्या आसाच्या पलीकडे बसवलं, दोन चाकांच्या मधोमध, डिफरन्शियलच्या दोन बाजूंना पाय टाकून. 1954 च्या सुमारास मिकी थॉम्पसन यांनी अशी गाडी पळवली, आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं त्या घडणीनं राज्य केलं. तिलाच स्लिंगशॉट म्हणतात. आमच्या गाडीचे गॅस वेल्डिंगचे सांधे त्या काळातले. तेव्हा तिचा व्हीलबेस शंभर इंचांच्या आतबाहेर होता, आणि जुनं फोर्ड इंजिन ओढत ती दहा-अकरा सेकंदांत पाव मैल काटायची.

“एक आकडा, तो गोल भोकाचा,” गाडीवाले म्हणाले, “तिथे फोर्डचं माउंट होतं. भंगारवाल्याकडे क्रायस्लर आली आणि फोर्डचे दिवस संपले.”

क्रायस्लरनं 1951 मध्ये आपल्या महागड्या गाड्यांसाठी अर्धगोल दहनकक्षाचं व्ही-8 काढलं, ज्याला सगळे हेमी म्हणतात. सुरुवात 331 घनइंचांपासून झाली, मग 354 आलं, आणि 1957-58 मध्ये 392. व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना तिरपे, मोठे, आणि स्पार्क प्लग बरोबर मध्ये. मोटारीत बसून बँकेत जाणाऱ्या माणसासाठी केलेलं हे इंजिन. पण त्याला जितकी हवा द्यावी तितकी ते गिळतं, हे पोरांच्या लक्षात आलं. अपघातात मोडलेल्या इम्पिरिअल आणि न्यूयॉर्कर भंगारात येत, आणि त्यांची इंजिनं वजनावारी जात. आज त्याच 392 चा बरा ब्लॉक शोधायला आम्हाला महिने लागतात.

हवा कोंबायला यंत्रही भंगारातलंच मिळालं. जनरल मोटर्सच्या 6-71 या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनावर रूट्स जातीचा ब्लोअर असायचा. सहा सिलिंडर, प्रत्येक 71 घनइंचांचा, म्हणून ते नाव. ही इंजिनं बसमध्ये होती, युद्धात किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या बोटींत होती, शर्मन रणगाड्यांच्या एका जातीत तर दोन-दोन जोडलेली होती. डिझेलमध्ये ब्लोअरचं काम निव्वळ सिलिंडर झाडून स्वच्छ करण्याचं. इथे तो हेमीच्या डोक्यावर चढला, वर स्टुअर्ट हिलबॉर्न यांचं फ्युएल इंजेक्शन बसलं, आणि ब्लोअर क्रँकशाफ्टवरून पट्ट्यानं फिरू लागला. आमच्या फ्रेमवर पुढच्या आडव्या नळीला एक अर्धचंद्राकार खाच आहे. पट्टा तिथे घासायचा, म्हणून भावानं रात्री करवतीनं काढलेली. मोजून बघितलं तर बाजू सारख्या नाहीत.

आणि मग नायट्रो.

नायट्रोमिथेन मी पहिल्यांदा हाताळलं तेव्हा त्यात घाबरण्यासारखं काही दिसलं नाही. पाण्यासारखं पातळ, किंचित गोडसर वास. त्याची करामत रेणूत आहे. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. सिलिंडरमध्ये हवा मावते तेवढीच मावते, म्हणून पेट्रोलही तेवढंच जाळता येतं. नायट्रोमिथेनच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्याला किलोमागे 1.7 किलोच्या आसपास हवा पुरते. किलोमागची त्याची ऊर्जा पेट्रोलच्या चौथ्या हिश्शाएवढीच. पण तेवढ्याच हवेत ते आठपटींहून जास्त घालता येतं. हिशेब केला की दर स्फोटाला ताकद दुपटीच्या वर जाते. ब्लोअर नाही, इंजिन मोठं नाही, फक्त टाकीतलं द्रव बदललं. युद्धानंतरच्या वर्षांत व्हिक एडलब्रॉक यांनी छोट्या गोल ट्रॅकच्या गाड्यांत ते गुपचूप वापरून पाहिलं, आणि गुपित फार दिवस टिकलं नाही.

ते नुसतं वापरत नाहीत, मिथेनॉलमध्ये मिसळतात, आणि किती टक्के मिसळलं यावर सगळा खेळ असतो. मोजायचं साधन साधं, काचेचा हायड्रोमीटर. नायट्रो पाण्याहून जड, घनता 1.14 च्या जवळ. मिथेनॉल हलकं, 0.79. मिश्रणात हायड्रोमीटर कुठे तरंगतो त्यावरून टक्के. पण ऊन चढलं की द्रव फुगतं, घनता उतरते, आणि सकाळचे ऐंशी टक्के दुपारी कमी दिसतात. म्हणून शेजारी थर्मामीटर आणि तक्ता ठेवावाच लागतो. मिश्रण करायला बसलो की मी कुणाशी बोलत नाही. शॉपच्या मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “इथे अंदाजपंचे चालत नाही. जास्त झालं तर इंजिन फुटेल. कमी झालं तर तुला वाटेल सगळं ठीक आहे, आणि ते त्याहून वाईट.” खरेदीही सोपी नाही. 1995 च्या ओक्लाहोमा सिटीच्या बॉम्बस्फोटात हेच रसायन वापरलं गेलं होतं. आज पिंप घ्यायला गेलं की आधी कागदपत्रं काढावी लागतात.

गाड्या फार झपाट्यानं वेग घ्यायला लागल्या, ट्रॅकची लांबी पुरेना, म्हणून 1957 मध्ये हॉट रॉड असोसिएशननं नायट्रोवर बंदी घातली आणि फक्त पेट्रोलला मुभा ठेवली. पण बंदीबाहेरचे ट्रॅक होते. बेकर्सफिल्डच्या उत्तरेला फमोसो इथे 1959 मध्ये नायट्रोवाल्यांची मोठी स्पर्धा भरली आणि ती आर्ट क्रिसमन यांनी जिंकली. आमची गाडीही या बंदीत दोन घरची झाली. जवळच्या ट्रॅकवर पेट्रोल, फमोसोला नायट्रो. इंजेक्टरचे जेट दोन डब्यांत वेगवेगळे ठेवलेले असायचे, म्हणे. 1963 मध्ये असोसिएशनच्या पोमोनातल्या विंटरनॅशनल्स स्पर्धेत नायट्रोच्या गाड्या परत आल्या. तिथे फ्लोरिडाहून आलेले डॉन गार्लिट्स जिंकले, आणि पुढच्याच वर्षी न्यू जर्सीत त्यांनी ताशी 201 मैलांची नोंद केली.

सांगाड्यावरचे पुढचे सगळे आकडे या ताकदीची उत्तरं आहेत. कुणी बसून आराखडा काढला नव्हता. जे मोडेल ते जाड करायचं, आणि ते जाड झालं की त्याच्या शेजारचं मोडायचं. टायर ताकद पेलेनात, म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या एम अँड एच कंपनीनं खास रुंद, मऊ, नक्षी नसलेले टायर काढले. टायर जमिनीला धरू लागले, तशी गाडीची पुढची चाकं हवेत उठायला लागली. मग इंजिन पुढे सरकवा, गाडी लांबवा. आमच्या फ्रेमवरची पहिली स्लीव्ह ती. आणखी पकड आली, आणखी लांबवा, ती दुसरी. व्हीलबेस दीडशे इंचांच्या पुढे गेला. पुढे सगळ्याच गाड्या इतक्या लांबल्या की दशकाच्या शेवटी दोनशे इंच ही नवलाई राहिली नाही. वेग वाढला तसे मागचे ब्रेक अपुरे पडले, म्हणून पॅराशूट. आमच्या रोल बारला मागून लावलेला कान नंतरचा आहे, सांधा टिगचा. एक्झॉस्टचे पाइप आधी खाली वळलेले असायचे. मग ते वर आणि मागे वळवले, म्हणजे टायरचा धूर उडून ड्रायव्हरला पुढचं दिसतं आणि धुराच्या झोतानं मागच्या चाकांवर थोडा दाबही येतो.

टायर घसरत होते तोवर जास्तीची ताकद धुरात निघून जायची. टायर धरू लागल्यावर ती क्लचवर आली. आणि स्लिंगशॉटमध्ये क्लच असतो ड्रायव्हरच्या पायांपाशी. ओतीव लोखंडाच्या फ्लायव्हीलचे तुकडे गोळीसारखे सुटायचे, म्हणून त्याभोवती पोलादी कवच आलं. आमच्या फ्रेममध्ये त्या कवचासाठी दोन आडव्या नळ्या बाहेरच्या बाजूला फुगवून वाकवलेल्या आहेत. तरी माणसं गेली. माइक सोरोकिन हे ‘सर्फर्स’ नावाच्या त्रिकुटातले ड्रायव्हर. जवळजवळ निव्वळ नायट्रोवर गाडी पळवण्यासाठी हे त्रिकूट प्रसिद्ध होतं. 1966 ची फमोसोची स्पर्धा त्यांनी जिंकली, आणि 1967 च्या डिसेंबरअखेरीस ऑरेंज काउंटीच्या ट्रॅकवर क्लच फुटून सोरोकिन गेले. गाडीवाल्यांच्या घरात गाडी विकायची चर्चा त्याच आठवड्यात सुरू झाली. “आई काही बोलली नाही,” ते म्हणाले. “तिनं पेपर टेबलावर उघडा ठेवला, बास.”

1970 च्या मार्चमध्ये लाँग बीचच्या लायन्स ट्रॅकवर गार्लिट्स यांच्या गाडीतला ट्रान्समिशन फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. त्या दुखण्यातून उठताना त्यांनी ठरवलं की इंजिन माणसाच्या मागे हवं. ही कल्पना आधीही लोकांनी करून पाहिली होती, पण गाडी सरळ राहायची नाही. मेख स्टिअरिंगमध्ये होती. माणूस पुढे बसला की बारीक हललेलंही त्याला मोठं वाटतं आणि तो गरजेपेक्षा जास्त चाक फिरवतो. गार्लिट्स यांच्या माणसांनी स्टिअरिंग मंद केलं, आणि गाडी सरळ चालू लागली. 1971 ची विंटरनॅशनल्स त्यांनी या गाडीनं जिंकली. दोन-तीन वर्षांत इंजिन पुढे असणाऱ्या गाड्या मोठ्या स्पर्धांतून दिसेनाशा झाल्या. ज्यांनी सगळा संसार ओतून स्लिंगशॉट बांधली होती त्यांच्या हातात भंगार राहिलं. आज याच वंशातल्या टॉप फ्युएल गाड्यांची ताकद अकरा हजार अश्वशक्तीच्या घरात सांगतात, वेग ताशी 330 मैलांच्या पुढे जातो, आणि 2008 मध्ये स्कॉट कलिटा यांचा अपघाती मृत्यू झाल्यापासून त्यांची शर्यत पाव मैलाऐवजी हजार फुटांवर थांबवतात. तिथेही तोच क्रम: आधी ताकद, मग मोडतोड, मग नियम.

हे सगळं चॉकच्या आकड्यांत समोर मांडल्यावर सालाचा प्रश्न आला. गाडीवाल्यांना 1961 हवं होतं. भाऊ तेव्हा ऐन भरात होता, गाडी आखूड होती, लाल होती, फोटो होते. शॉपच्या मालकांना 1964 पटत होतं. त्या सालच्या गाड्यांना बघणारे जास्त. दोन्हीसाठी फ्रेम कापावी लागणार होती. मला कुणी विचारलं नव्हतं, पण कापायचं मला होतं म्हणून बोललो. म्हटलं, “आखूड केली तर या दोन स्लीव्ह कचऱ्यात जातील. त्या तुमच्या भावाच्या हातच्या आहेत. 1961 ची गाडी या गाडीत अजून आहे, पायांशी. 1964 ची मधे आहे. शेवटची गाडी ठेवली तर तिन्ही राहतात. पहिली ठेवली तर एकच.” गाडीवाले बराच वेळ फ्रेमभोवती फिरले. मग म्हणाले, “लाल रंग तरी?” शेवटच्या सालात गाडी निळी होती. रंगावर ते अडून बसले नाहीत, आणि काम सुरू झालं.

फ्रेम मॅग्नाफ्लक्सनं तपासली. दोन सांध्यांत तडे सापडले. ते उघडून पुन्हा भरले. 392 चा ब्लॉक अॅरिझोनातून आला. बोअर चार इंच, स्ट्रोक 3.906. शर्यतीत पळणाऱ्यांपैकी बरेच जण आज अॅल्युमिनियमचे नवे ब्लॉक वापरतात. एड डोनोव्हन यांनी 1971 मध्ये 392 च्याच मापावर 417 घनइंचांचा तसा ब्लॉक काढला आणि तिथून ती वाट रुळली. आमची गाडी त्याआधीची, म्हणून ओतीव लोखंडच. बोअर करताना मला विमानाच्या कारखान्यातली सवय आड आली. मी गॅप पुस्तकातल्यासारखे घट्ट धरत होतो. मालकांनी थांबवलं. नायट्रोच्या इंजिनात सगळं ढिलं हवं, कारण भार आला की सगळंच वाकतं. तेलही सत्तर ग्रेडचं, थंडीत मधासारखं ओघळणारं. एकदा इंजिन चाललं की इंधन झिरपून ते दुधाळ होतं, म्हणून दर वेळी पूर्ण काढून टाकायचं. ठिणगीसाठी बॅटरी नाही, मॅग्नेटो. दाट ओलं मिश्रण पेटवायला दमदार ठिणगी लागते. एखादा सिलिंडर पेटलाच नाही तर त्यात इंधन साचत जातं, आणि द्रव काही दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि हेड उचकटतं, नाही तर रॉड वाकतो. त्यामुळे सुरू करण्याआधी आठही सिलिंडर कोरडे आहेत याची खात्री करायची, आणि बंद करताना शेवटचं मिनिट निव्वळ मिथेनॉलवर चालवून नायट्रो धुऊन काढायचं, नाही तर आतून गंज धरतो.

ही गाडी पळवायची नव्हती. 2000 सालापासून फमोसोच्या हॉट रॉड रियुनियनमध्ये कॅकलफेस्ट भरतो. जुन्या स्लिंगशॉट ट्रकनं ढकलून सुरू करतात आणि ओळीनं उभ्या करून नुसत्या गरजवतात. या गाड्यांना त्या काळी सेल्फ स्टार्टर नव्हताच. मागून ट्रक ढकलतो, चाकं इंजिन फिरवतात, ड्रायव्हर तेलाचा दाब चढायची वाट बघतो, मग इंधनाची कळ उघडतो आणि शेवटी मॅग्नेटोची. आमच्या वेळी सीटवर गाडीवाले स्वतः बसले. भावाची जागा त्यांनी कधी घेतली नव्हती. ट्रक मी चालवत होतो. पुढे त्यांच्या हेल्मेटशिवाय काही दिसत नव्हतं. एकदम पाइपांतून पांढरं काही उडालं, आणि आवाज आला तो कानाला आधी कळलाच नाही. स्टिअरिंगवरचे हात थरथरले, समोरची काच थरथरली, मग छाती. डोळ्यांत नायट्रिक आम्लाच्या वाफेची आग. प्रेक्षक खोकत होते आणि कुणी मागे सरत नव्हतं. त्याच फमोसोवर 2010 मध्ये माइक सोरोकिन यांच्या मुलानं, अॅडमनं, इंजिन पुढे असलेल्या गाडीनं ती वडिलांची स्पर्धा जिंकली, हे मला शेजारी उभ्या असलेल्या एकानं ओरडून सांगितलं. मी ओठांवरून अर्धं समजलो.

शॉपमध्ये परत आल्यावर गाडी धुतली, उघडली, तपासली. इंजिनच्या पुढच्या डाव्या माउंटच्या कानाला तडा गेला होता, केसाएवढा. हा कान 1966 चा. त्यानं जोरातल्या कितीतरी धावा सोसल्या होत्या. मग आताच का? मी तड्यावर भिंग धरून बघितलं आणि उत्तर सोपं निघालं. त्या काळात ही गाडी जागेवर उभी राहून कधी चाललीच नव्हती. ढकललं, सुरू झाली, रेषेवर आली, आठ सेकंद पळाली, बंद. आता ती मिनिटं-मिनिटं एका जागी धडधडत उभी राहते, रेडिएटर नाही, आणि मंद गतीतला हेमी डावी-उजवीकडे हिसके देतो. भावानं कान धावण्यासाठी केला होता. आम्ही गाडीला नवं काम दिलं, आणि नव्या कामानं नवी जागा मोडली.

कान जसाच्या तसा नवा करता आला असता. तो पुढच्या वर्षी पुन्हा तडकला असता. मी जुना कान ठेवला, तडा भरला, आणि खालून त्रिकोणी गसेट लावलं, टिगनं. सांधा घासून लपवला नाही, रंगाखाली उमटून दिसतो तसाच ठेवला. जॉब कार्डावर तारीख आणि कारण लिहिलं. पुढे कधी कुणी ही फ्रेम खरवडली तर त्याला चौथ्या हाताचा थर सापडेल, आणि तो का आला हे विचारायला तेव्हा मी नसेन.

गाडीवाल्यांना दाखवताना थोडी धाकधूक होती. 1966 च्या गाडीला आजचं ठिगळ लावलं म्हणून ते नाराज होतील असं वाटत होतं. त्यांनी चष्मा वर केला, गसेटवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “वजन किती वाढलं?”

मी वजन केलं नव्हतं. तसाच दुसरा तुकडा कापून काट्यावर ठेवला. “सव्वादोनशे ग्रॅम,” म्हटलं. “पण ही आता थोडीच पळते.”

“ते मला माहीत आहे,” ते म्हणाले. “तरी दुसरीकडून कुठून तरी तेवढं काढ.”